डोंगरातली सायकल शर्यत आणि आईची सुट्टी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मागच्या वर्षी मी लेकीकडे अमेरिकेत चार महिने राहून आले. परत आल्यावर जो तो विचारायचा, "काय काय पाहिलंत?" मी सांगायचे, "सायकलींची शर्यत पाहिली." ऐकणाऱ्याचा चेहराच पडायचा. एवढं तिकीट काढून, एवढ्या लांब जाऊन सायकली? त्या तर आपल्या अंगणात गंजत पडल्यात!

खरं आहे. पण अंगणात गंजत पडलेली ती सायकल कुणाची असते, हे जरा आठवून बघा. बहुतेक घरांत ती मुलीची असते. शाळा लांब म्हणून घेतलेली, किंवा सरकारी योजनेतून मिळालेली. मुलगी सासरी जाते, सायकल माहेरच्या भिंतीला टेकून राहते. माझ्या लेकीची पण तशीच राहिली. म्हणून आज मी तुम्हाला त्या शर्यतीबद्दल सांगणार आहे. ती कशी असते, घरातल्या सगळ्यांनी मिळून तिथे दोन दिवस कसे काढायचे, काय सांभाळायचं, आणि मी तिथे काय चुकले, तेही.

आधी जागा सांगते. लेकीचं घर कॅलिफोर्नियात सॅन होजे शहराजवळ आहे. तिथून गाडीने दक्षिणेला दीड-दोन तास गेलं की मॉन्टेरे नावाचा भाग येतो. वाटेत गिलरॉय नावाचं गाव लागतं, ते लसणासाठी प्रसिद्ध. पुढे वॉटसनव्हिलच्या बाजूला स्ट्रॉबेरीची शेतं, सॅलिनासच्या खोऱ्यात कोबीसारख्या सॅलडच्या पाल्याची शेतं. डोंगर उतरला की पॅसिफिक महासागर. आमच्या कोकणासारखा समुद्र आणि डोंगर जवळजवळ, फक्त पाणी बर्फासारखं गार आणि नारळ कुठे नाही.

तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये गुरुवार ते रविवार अशी चार दिवस सायकलींची जत्रा भरते. तिचं नाव सी ऑटर क्लासिक. सी ऑटर म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, आपण ऊद म्हणतो त्याचा भाऊबंद. १९९१ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा जेमतेम साडेतीनशे स्पर्धक होते. आता स्पर्धकच काही हजार असतात, आणि बघायला येणारी माणसं, दुकानं, तंबू धरले तर आपल्या मोठ्या यात्रेइतकी गर्दी होते. २०२० साली करोनामुळे ती रद्द झाली आणि २०२१ मध्ये ऑक्टोबरला झाली, एवढाच काय तो खंड. एरवी एप्रिल ठरलेला.

जत्रेचं मैदान म्हणजे लगुना सेका नावाचा मोटारींच्या शर्यतीचा रस्ता. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ 'कोरडं तळं'. १९५७ पासून तिथे मोटारी धावतात. एका जागी हा रस्ता एकदम पाच मजले खाली उतरतो, आणि उतरता उतरता दोनदा वळतो. या वळणाला बाटलीचं बूच काढायच्या पिळाच्या हत्याराचं नाव दिलंय, कॉर्कस्क्रू. त्या चार दिवसांत मोटारी नसतात, सगळ्या सायकली.

शर्यत सुरू होते या डांबरावर, आणि मग शिरते शेजारच्या डोंगरात. त्या डोंगराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फोर्ट ऑर्ड नावाची लष्करी छावणी तिथे १९१७ पासून होती. १९९४ मध्ये ती बंद झाली, आणि २०१२ मध्ये त्यातली १४ हजार एकरांहून जास्त जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली. आता तिथे चालायला, घोड्यावरून जायला आणि सायकलीला सव्वाशे किलोमीटरहून जास्त पायवाटा आहेत. पण अजून काही भागांत जमिनीखाली न फुटलेले बाँबगोळे आहेत. म्हणून कुंपणं आणि पाट्या आहेत. तिथल्या मुलांना पहिला नियम तोच शिकवतात, की वाट सोडायची नाही. तिथे कुंपणापाशी उभं राहिल्यावर मला तो नियम पटला.

आता सायकलीबद्दल. आपण वापरतो ती सायकल रस्त्याची. डोंगरातली सायकल वेगळी. तिचे टायर रुंद असतात आणि त्यांना माती धरायला मोठ्या गुठळ्या असतात. त्यात हवाही जरा कमी ठेवतात, म्हणजे टायर खडकावर पसरून पकड घेतो. पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखे शॉकअब्जॉर्बर, काहींना मागेही. ब्रेक चाकाच्या मधल्या तबकडीवर बसतात, ते एका बोटाने ओढले तरी चाक थांबतं. आणि चढासाठी हलके गिअर. सगळ्यात हलक्या गिअरला तिकडे काय म्हणतात माहितीय? ग्रॅनी गिअर, म्हणजे आजीचा गिअर! पाय भराभर फिरतात, सायकल हळूहळू पुढे जाते, पण चढ चढते. मला तो शब्द फार आवडला. आम्ही आज्या तशाच.

हा खेळ सुरू झाला तो कॅलिफोर्नियातच, मॉन्टेरेच्या उत्तरेला मरिन परगण्यात. १९७० च्या सुमारास तिथली तरुण पोरं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी एका उतारावर वेळ लावून पहिली शर्यत घेतली. उतार एवढा होता, की मागच्या चाकातला ब्रेक तापून त्यातलं ग्रीस जळून जायचं, आणि दर वेळी नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं, म्हणजे परत भरा. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती सायकल चालवायचीच, शिवाय कॅमेरा घेऊन जायची. त्या दिवसांचे फोटो आज दिसतात ते बरेचसे तिने काढलेले.

आणि हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत पहिल्या १८९६ च्या ऑलिंपिकपासून आहे. बायकांना तिथे यायला १९८४ साल उजाडलं. ८८ वर्षं! पण डोंगरातली सायकल १९९६ मध्ये अटलांटाला आली ती पहिल्याच दिवसापासून दोघांसाठी. बायकांमध्ये इटलीची पाओला पेझो पहिली आली. म्हणजे या खेळात बाईला मागून दार ठोठवावं लागलं नाही. दार उघडंच होतं. प्रश्न उरला तो घरातून निघण्याचा.

आता घरातली गोष्ट सांगते.

मी पोचले ती फेब्रुवारीत. एके दिवशी जेवताना जावई म्हणाले, "आई, एप्रिलमध्ये आपण सगळे सायकल शर्यतीला जायचंय. दोन रात्री तंबूत राहायचं." मला वाटलं, नातवंडांसाठी. नात नऊ वर्षांची, नातू चार वर्षांचा. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "मीही नाव घातलंय. नवशिक्यांच्या गटात."

मी काय म्हणाले असेन? तुम्ही जे म्हणाला असता तेच. "अगं, दोन मुलांची आई तू. पडलीस, हात मोडला, तर घर कोण बघणार? नसते उद्योग कशाला?"

ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. जावईही गप्प बसले. मला तेव्हा वाटलं, आपण काळजीपोटी बोललो. पण रात्री झोप आली नाही. तिच्या बाराव्या वर्षी मीच तिला सायकल शिकवली होती. मागचं कॅरिअर धरून शाळेच्या मैदानात धावले होते. तेव्हा ती पडेल म्हणून मी तिला थांबवलं नव्हतं. मग आता का?

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद लागला. तो मी तुम्हाला सांगते, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या कागदाने.

कागदावर पाच रकाने होते, घरातल्या प्रत्येकाचा एक. जावयांच्या रकान्यात तंबू, अंथरुणं, टायरची हवा, दोन्ही दिवसांचा नाश्ता. नातीच्या रकान्यात स्वतःचं हेल्मेट, हातमोजे आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरणं. नातवाच्या रकान्यात एक चित्र, चपलांची पिशवी. माझ्या रकान्यात 'रविवारी सकाळी नऊ ते बारा नातू सांभाळणे'. आणि लेकीच्या रकान्यात फक्त तीन शब्द: झोप, खाणं, शर्यत.

मला कसंसंच झालं. आपल्याकडे सहल म्हणजे काय? सगळे मजा करतात आणि आई पहाटे चारला उठून पुऱ्या तळते. सहलीहून आल्यावर सगळे झोपतात आणि आई डबे घासते. तिची सुट्टी झालीच नाही, तिचं स्वयंपाकघर फक्त दुसऱ्या गावी गेलं. तरी सवयीने मी चाळीस दशम्या करायला घेतल्या. जावई म्हणाले, "आई, वीस करू, आणि मी लाटतो." वेड्यावाकड्या झाल्या, पण झाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. मैत्रिणींनो, समुद्राकाठचा डोंगर म्हणजे उबदार असं समजू नका. एप्रिलमध्ये तिथे संध्याकाळी समुद्रावरून धुकं चढतं, पहाटे हात कडक होतात, दुपारी ऊन चटचट भाजतं आणि तीननंतर वारा सुटतो. म्हणून कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे. कानटोपी आणि टोपी दोन्ही. वाऱ्यात धूळ उडते, तेव्हा डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला ओढणी. माझी ओढणी बघून शेजारच्या तंबूतली बाई म्हणाली, असली मला पण हवी होती.

शनिवारी मुलांचा दिवस. सगळ्यात धाकट्यांच्या सायकलींना पॅडल नसतं. मूल दोन्ही पायांनी जमीन ढकलत जातं. तोल सांभाळायला शिकवण्याची ही चांगली रीत आहे, कारण सायकलीत अवघड असतो तो तोल, पॅडल नंतर आपोआप जमतं. मागे लावायच्या छोट्या चाकांनी मूल पडत नाही, पण तोलही शिकत नाही. तुमच्या घरच्या छोट्या सायकलीचं पॅडल पान्याने काढून ठेवलंत आणि सीट खाली केलीत, म्हणजे दोन्ही पाय टेकतील इतकी, तर तेच काम होतं. नवी घ्यायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो. नाहीतर जोर लावून लावून तो मोडाल.

आमचा नातू सुटला आणि अर्ध्यावर थांबला. त्याला वाटेत एक सुरवंट दिसला होता. बाकीची मुलं पुढे गेली. आमच्या शेजारी एक बाबा आपल्या मुलावर जोरजोरात ओरडत होते, "जा, जा, पुढे जा!" त्यांचा मुलगा रडत रडत पोचला. आमचा सुरवंटाला वाट करून देऊन हसत पोचला, सगळ्यात शेवटी. दोघांना सारखंच पदक. मी शिक्षिका होते तीस वर्षं, आणि शाळेच्या क्रीडादिनाला आपणही किती ओरडतो ते तिथे आठवलं. मुलाला आवाज द्यायचा तर त्याच्या नावाने द्यावा आणि शाबासकीचा द्यावा. सूचना घरी.

नातीची शर्यत त्यानंतर झाली. तिच्या आधी लेकीने तिचं हेल्मेट तपासलं ते मी नीट पाहून घेतलं, कारण हे इथेही कामाचं आहे. हेल्मेट कपाळावर भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकलेलं नको. कानाच्या खाली दोन्ही पट्ट्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार झाला पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरलं पाहिजे. मग मुलाला डोकं हलवायला सांगायचं. हेल्मेट हललं तर ते डोकं वाचवणार नाही. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला सायकलीवर हेल्मेट घालायची कायद्याने सक्ती आहे. आणि एकदा हेल्मेट जोरात आपटलं की ते बदलायचं, वरून चांगलं दिसलं तरी. आतला फोम एकदाच दबतो आणि तो दबतो म्हणूनच डोकं वाचतं.

रविवार उजाडला. लेकीने सकाळी दोन दशम्या, केळं आणि मूठभर खजूर खाल्ले, शर्यतीच्या दोन तास आधी. ऐन वेळी खाल्लं तर पोट ढवळतं. हँडलला नंबराची पाटी लावली. त्या पाटीत वेळ मोजायची यंत्रणा असते, त्यामुळे रेघ ओलांडली की वेळ आपोआप नोंदली जाते. गट वयाप्रमाणे आणि तयारीप्रमाणे असतात, त्यामुळे नवशिकी बाई व्यावसायिक खेळाडूंबरोबर धावत नाही. तिच्या रांगेत सगळ्या तिच्यासारख्याच. एक डॉक्टर होती, एक शाळेची बस चालवणारी होती, एकीचे केस माझ्यापेक्षा पांढरे होते. एकमेकींना नंबर लावायला मदत करत होत्या. मागून येणारीने पुढच्या बाईला ओरडून सांगायचं, "तुझ्या डावीकडून येते", आणि मगच पुढे जायचं, असा तिथला शिष्टाचार. न सांगता घुसणं वाईट समजतात.

शिट्टी झाली. त्या डांबरावरून गेल्या, आणि डोंगरात शिरल्या. पुढे काही दिसत नाही. बघणाऱ्याचं काम एवढंच, की नातवाचा हात धरून उभं राहायचं. मैत्रिणींनो, वाट बघणं हे किती कठीण काम आहे ते मी तिथे शिकले. आयुष्यभर तिने माझी वाट पाहिली होती, शाळेतून, बसमधून, मीटिंगमधून येण्याची. आता मी बघत होते.

बायका यायला लागल्या. अंगावर धूळ, तोंडावर हसू. तिच्या रांगेतल्या बहुतेक आल्या. बस चालवणारी आली. पांढऱ्या केसांची आली. लेक नाही. नातू विचारायला लागला. माझे हात गार पडले.

मग ती आली. गुडघ्यातून रक्त, कोपर सोललेलं, एका बाजूने सगळी माती. पण सायकलीवर बसून आली. रेघ ओलांडली, थांबली, आणि तिने सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, ओरडू नकोस."

पस्तिशी उलटलेली बाई. नोकरी करते, घर चालवते. आणि पडून उठून, डोंगर ओलांडून आल्यावर तिच्या तोंडून निघालं काय, तर आई ओरडू नकोस. मला त्या दिवशी तिच्या गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. ओठावर आलेलं "सांगितलं होतं ना" मी गिळलं. म्हटलं, "पाणी हवंय?" ती रडली. मग हसली.

ती का पडली ते सांगते, कारण ते कुणाच्याही कामी येईल. आपल्याकडच्या सायकलीला बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. अमेरिकेत उलटं असतं. डावा हात पुढच्या चाकाचा. तीन महिने तिने सराव केला होता, तिला माहीत होतं. पण उतारावर वाळूचं वळण आलं, ती घाबरली, आणि घाबरल्यावर हाताने लहानपणचं काम केलं. मागचा ब्रेक समजून डाव्या हाताने जोरात दाबलं. पुढचं चाक वाळूत जागच्या जागी अडलं आणि ती आडवी झाली.

म्हणजे दोन धडे. कुठलीही नवी सायकल, मग ती भाड्याची असो की शेजारणीची, आधी सपाट जागेवर चालवून कुठला हात कुठलं चाक थांबवतो ते बघा. हाताची सवय बदलत नसेल तर दुकानात ब्रेक अदलाबदल करून मिळतात. लेकीने नंतर तेच करून घेतलं. आणि दुसरं, वाळू, खडी, शेवाळ असेल तिथे वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. पुढचा ब्रेक वाईट नाही, खरं तर थांबवण्याचं बरंच काम तोच करतो, कारण थांबताना सगळं वजन पुढे येतं. पण तो हळूहळू दाबायचा, एकदम नाही.

जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुतली. माती आत राहिली की जखम चिघळते. हळद, चुना काही लावलं नाही. तिथल्या मदत तंबूत पट्टी बांधली आणि डोकं आपटलंय का ते विचारून विचारून तपासलं. डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही असलं तर त्या दिवशी परत सायकलीवर बसायचं नाही आणि सरळ डॉक्टरकडे जायचं. नशिबाने तसं काही नव्हतं.

तिथल्या बाईने मग विचारलं, "झुडपात पडलीस की वाटेवर?" मला कळेना, हे का विचारते. तर त्या डोंगरात एक झुडूप असतं, त्याला पॉइझन ओक म्हणतात. एका देठाला तीन चकाकती पानं. त्याचं तेल अंगाला लागलं की खाज सुटते, फोड येतात, आठवडे जातात. मी म्हटलं, हा तर बिबा! आणि खरंच तसं निघालं. पॉइझन ओक, आपला बिबा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. आपल्याकडे बिबा उततो, काजूच्या टरफलाचं तेल हात भाजतं, आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो, ते तसल्याच रसांमुळे. उपायही सारखा. लवकरात लवकर साबण आणि गार पाण्याने धुवायचं. कपडे, हातमोजे, बूट, सायकलीचा दांडाही पुसायचा, कारण तेल त्यांच्यावर राहतं आणि दुसऱ्या दिवशी हाताला लागतं. आणि असली झुडपं कधी जाळायची नाहीत, धूर छातीत गेला तर फार वाईट. माझ्या ज्ञानाचं तिथे फार कौतुक झालं. कोकणातल्या बाईला एवढं तर येतंच.

परतीच्या वाटेवर मॉस लँडिंगला थांबलो. खाडीचं तोंड समुद्राला मिळतं तिथे. धक्क्यावर उभं राहिलं की पाणमांजरं पाठीवर तरंगताना दिसतात. पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडून खातात. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, म्हणून इतकी दाट लोकर असते, आणि ऊब टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं खावं लागतं. त्या लोकरीसाठीच माणसाने त्यांना मारून मारून संपवत आणलं. कॅलिफोर्नियात ती संपलीच असं लोक समजत होते. १९३८ मध्ये मॉन्टेरेच्या दक्षिणेला, बिग सर भागात, पन्नासेक पाणमांजरांचा एक कळप दिसला. आज तिथे सुमारे तीन हजार आहेत, ती त्यांचीच पिलावळ.

नातीने एक गोष्ट सांगितली, तिच्या शाळेत शिकवलेली. पिल्लू लहान असताना आईला खायला आणायला खोल बुडी मारावी लागते. पिल्लाला बुडता येत नाही, त्याची लोकर बुचासारखी तरंगते. मग आई काय करते? समुद्रातल्या लांब शेवाळाच्या पट्ट्यांत त्याला गुंडाळून ठेवते, म्हणजे ते वाहून जात नाही. आणि जाते बुडी मारायला. लेक तिथेच पट्टी बांधलेला गुडघा धरून बसली होती. मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षीही नाव घाल. पिल्लू मी धरते."

आता मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे जायचंय कॅलिफोर्नियाला. नका जाऊ. पण तीन गोष्टी इथेच करा.

घरची सहल, गावची जत्रा, शाळेचा क्रीडादिन, काहीही असो, आदल्या दिवशी एक कागद भिंतीला लावा. प्रत्येकाचा रकाना. आणि घरातल्या बाईच्या रकान्यात काम नाही, तिला काय करायचंय ते लिहा. लिहिता येईना तर तिला विचारा. पहिल्यांदा तिलाही सांगता येणार नाही. थांबा, सांगेल.

दुसरं, अंगणातली सायकल बाहेर काढा. साखळीला तेल, दोन्ही टायरना हवा, ब्रेकचे रबर बदला. सीट अशी ठेवा की बसल्यावर पायाचा चवडा जमिनीला लागेल. आधी सपाट रस्त्यावर, मग छोट्या चढावर. दम लागला तर उतरा आणि ढकला. शर्यतीतही कितीतरी जणी चढावर ढकलत होत्या, कुणी हसलं नाही.

आणि तिसरं फक्त माझ्यासारख्या आयांसाठी आहे. लेक काही नवं करायला निघाली की आपल्या तोंडून आधी "पडलीस तर" निघतं. पडेल. गुडघा फुटेल. तेव्हा आपण पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं, एवढंच आपलं काम.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला होता. पुन्हा नाव घातलंय. या वेळी फ्रिजवरचा कागद नातीने लिहिलाय. माझा रकाना रिकामा ठेवलाय म्हणे, मी आले तर भरायला.